फटफटीसाठी काढलेला उंबरा

– उंबरा काढला की फटफटी सरळ आत येते. मी टेप लावून मोजलंय.

– ही सही हाय का कागदावर मुंगी चिरडलीय?

– चिमटीत तंबाखू न्हाई, चुना न्हाई, तरी म्हातारा दिवसभर मळतोयच. बरं, खात बी न्हाई.

– पांढरी कोंबडी वर्साला दोनशे अंडी देती. तिला लागती फक्त एक खोली.

– पितोय त्यो. हात बघ की त्याचा, सकाळच्या पारी!

– गुंतवळ पांढरं निघालं. पांढऱ्या केसाची बाई त्या घरात एकच.

– नगरची यष्टी अकराला. तिथं उतरून खर्ड्याची. खिडकीपाशी बसवा तिला, वकती ती.

०

चांगुणा: म्हंजे ठरलंच म्हना की तुमचं.

सहादेव: माझं नव्हे, गावाचं ठरलं. पुंजाराम देवरुशानं चार पंचांदेखत आपल्या दारात, उंबऱ्याच्या जागी खणलं. काय निघालं ते सगळ्यांनी बघितलं. एक कवडी, एक गंजका खिळा आणि बनूआत्याच्या केसांचं गुंतवळ. आबांचे पाय दारात अडकतात ते त्या करणीमुळं. आत्या आज खर्ड्याला तिच्या सासरी जाईल. विषय संपला.

चांगुणा: सासरी! सोळाव्या वर्सी कुंकू पुसून जे घर सोडलं, तिथं आता साठीला टेकल्यावर नांदायला धाडताय. तिला वळखतं कोण तिथं?

सहादेव: नवऱ्याचा पुतण्या आहे.

चांगुणा: त्याला कळवलंय?

सहादेव: कार्ड टाकलंय.

चांगुणा: कवा?

सहादेव: आज टाकीन.

कारभारी: ...बनू...

सहादेव: आबा काय म्हणाले?

चांगुणा: बनू कुठाय म्हणतात. जरा जवळ जाऊन ऐकत जा की, बापाचा आवाज बसलाय, बाप न्हाई. मामंजी, आत्याबाई सकाळी सातलाच बोचकं घिऊन फाट्यावर जाऊन बसल्या. एकदा जा म्हणल्यावर दुसऱ्यांदा ऐकायला थांबायचं वळण न्हाई त्यांचं.

सहादेव: बघ. सख्खी बहीण निघाली तरी तोंडावर काही आहे का? इतका राग आलाय आबांना. चार दिवस चेहरा नुसता दगड.

चांगुणा: चार दिवस? अवं, तीन वर्सं झाली चेहरा तसाच हाय! तुमी मेंबर झालात तवा बी तसाच हुता. तवा म्हणालात, आबांना अभिमान वाटला. चेहरा त्योच, अर्थ तुमच्या सोयीचा.

सहादेव: चांगुणे, तोंड सांभाळ.

चांगुणा: रोगच तसा हाय. तोंडाची कातडी हालत न्हाई म्हणून काय आतला माणूस हालत न्हाई? डाक्टरांनी सांगितलं मला...

सहादेव: कोणत्या डॉक्टरांनी?

चांगुणा: चूल इझली वाटतं.

सहादेव: चुलीचं राहू दे. कोणत्या डॉक्टरांनी?

चांगुणा: नगरच्या. पाडव्याच्या मागं मामंजींना चष्म्याला म्हणून न्हेलं न्हवतं का? तर चष्मा न्हवताच करायचा.

कारभारी: दिसतं मला. सगळं.

सहादेव: म्हणजे सासरा-सून मिळून माझ्याशी खोटं बोलून यष्टीत बसलात?

चांगुणा: व्हय. खरं बोलून बसलो असतो तर पुंजाराम बी शेजारी बसला असता, नारळ मांडीवर घिऊन. डाक्टरांनी मामंजींचा हात बघितला. चालवून बघितलं. मग कागदावर नाव लिहायला लावलं, पाच वेळा. पह्यलं अक्षर हरभऱ्याएवढं, शेवटचं खसखशीएवढं. सोसायटीच्या माणसानं सही बघून "हा म्हातारा कारभारी न्हवंच" म्हणून हाकललं हुतं न्हवं? त्याच सहीवरनं डाक्टरांनी रोग वळखला.

सहादेव: काय रोग ओळखला?

चांगुणा: कंपवात. डोक्यात एक रस आसतो म्हणे. त्यो आटत जातो. मग हात कापतो, आवाज बसतो, तोंड दगडासारखं व्हतं आन पाऊल निघता निघत न्हाई.

सहादेव: डोक्यात रस! मग आपल्या गावात गुऱ्हाळच टाकायला पाहिजे. विहिरी आटल्या, तळं आटलं, आता डोकी आटायला लागली. ह्या दुष्काळात ज्याला त्याला आटण्याचंच सुचतंय. बरं, बरं कधी वाटणार म्हणाले?

चांगुणा: कवाच न्हाई.

सहादेव: काय?

चांगुणा: तोंडावर सांगितलं, हा रोग जात न्हाई. गोळी दिली तर हात निवल, जेवण हातानं करतील, काही वर्सं बरी जातील. पण रोज चालवा, बोलतं ठेवा, घाई करू नका.

सहादेव: बघ! नगरचा डॉक्टर, भिंतीवर एवढाल्या पदव्या, आणि म्हणतो रोग जात नाही. आणि आपला पुंजाराम, चौथी नापास, एकवीस दिवसांत मोकळा करतो म्हणतो.

चांगुणा: म्हणूनच गाव त्याच्याकडं जातंय.

सहादेव: अंगाऱ्यानं आबांचा हात थांबला की नाही? तू डोळ्यांनी बघितलंस. परवा कालवणाची वाटी सांडली नाही त्यांनी.

चांगुणा: तीन आठवडं झालं, भाकरीच्या तुकड्यात गोळी मी देते. कपाळाला अंगारा तुमी लावता. हात थांबला की अंगारा. पाय थांबला की आत्या. आन गोळी बिचारी कुठंच न्हाई!

कारभारी: अंगारा... डोळ्यात जातो.

सहादेव: हे बघ, गोळीचं मी मानतो. एका घरात दोन औषधं चालतात. पण पायांचं काय? हात निवला, मग पाय का नाही निवले? दारात आले की आबा खुंट्यासारखे उभे. मागून ढकललं तर पडतात, पुढून ओढलं तर पडतात. पाय जमिनीला चिकटवल्यासारखे. आणि हे सुरू कधी झालं? उंबरा काढला त्याच आठवड्यात. आणि उंबरा काढताना आत्या दारात बसून काय ओरडली? "ह्या घरात आता पाऊल पडायचं न्हाई!" गवंड्यानं ऐकलं, सुतारानं ऐकलं, मी ऐकलं. मग पाऊल पडायचं थांबलं की नाही?

चांगुणा: त्या लक्षुमीचं म्हणत हुत्या.

सहादेव: लक्ष्मीचं तर पडलं. दुसऱ्याच दिवशी फटफटी आली.

चांगुणा: आन गुंतवळाचं म्हणाल, तर तुमाला न्हाई, पण गावातल्या झाडून साऱ्या बायांना ठावं हाय की इंचरलेलं केस उंबऱ्या-चौकटीच्या फटीत कोंबून ठेवत्यात. सुया विकणारी आली की गुंतवळ द्यायचं, दोन सुया घ्यायच्या. चाळीस वर्सं त्या दारात आत्याबाईंचं गुंतवळ हाय. माझं बी हाय! माझं काळं म्हणून कुणाला दिसलं न्हाई. कवडी तुमच्या कडदोऱ्याची, लहानपणीची. आन खिळा सुताराचा. तिघांना बी धाडा की खर्ड्याला.

सहादेव: पंचांच्या समोर...

चांगुणा: पंचांना काय, खणलेलं बघायला बोलावलं तर हाडूक निघालं आसतं तरी माना डोलावल्या आसत्या. तुमची आई वारली तवा तुमी दीड वर्साचं. तुमाला हागल्या-मुतल्याचं काढलं कुणी? आत्याबाईंनी. आन तुमी म्हणता, खोली रिकामी कर, पांढऱ्या कोंबड्या आणायच्यात. त्या न्हाई म्हणल्या, आन आठ दिवसांत देवरुशाला उंबऱ्याखाली करणी दिसली. फार लांबचं दिसतं बाई त्याला!

सहादेव: कोंबड्यांचा ह्याच्याशी संबंध नाही. कोंबड्या तालुक्याच्या योजनेतल्या आहेत.

चांगुणा: कवा येणार हायती?

सहादेव: बेस्तरवारी.

चांगुणा: आन आत्याबाई मंगळवारी निघाल्या. बरुबर. मधी एक दिवस शेणानं सारवायला.

सहादेव: बरं, एक सांग मला. एवढी डॉक्टरीण झालीस ना? पुंजारामनं दारात खड्डा खणला, तेव्हा आबांनी काय केलं? सगळा गाव उभा होता. ज्या दारात आबा घटका घटका उभे राहायचे, त्या दारातून टणकन खड्डा ओलांडून बाहेर आले. पोरासारखे! टाळ्या पडल्या. का आले? करणी वर निघाली म्हणून. मग मी खड्डा बुजवून वर सिमेंट केलं, कोबा घोटला. झालं! दुसऱ्या दिवशी परत खुंटा. का? पुंजाराम म्हणतो, करणी निघाली, पण करणारी अजून घरात आहे.

चांगुणा: खड्डा हुता म्हणून ओलांडला.

सहादेव: म्हणजे?

चांगुणा: आडवं काय दिसलं की त्यांचा पाय उचलतो. सपाट दिसलं की अडकतो. ह्ये मला बी म्होरं कळलं. परवा मळ्यात न्हेलं त्यांना. रस्त्यानं धा पावलं टाकायला सूर्य डोक्यावर आला. आन नांगरलेल्या रानात उतरले तर सरीगणिक एक पाय, एक पाय, मला पळावं लागलं मागं. मी म्हणलं, ह्यो काय चमत्कार? मग ध्यानात आलं, उंबरा हुता तवर कवा अडकले हुते का? वीतभर उंच उंबरा, दिवसातनं पन्नास वेळा ओलांडायचे. तुमी त्यो काढला, गुळगुळीत केलं. दार सपाट, पाय बंद.

सहादेव: सपाट जमिनीवर चालता येत नाही आणि उंच उंबरा ओलांडता येतो? हे कुणी ऐकलं तर तुलाच पुंजारामकडं न्यावं लागेल.

चांगुणा: मामंजी, जरा उठता का? दारातनं अंगणात या.

सहादेव: कशाला त्यांना त्रास...

चांगुणा: गप बसा वो. मामंजी?

कारभारी: न्हाई निघत. पाय.

चांगुणा: बघितलं? डोळे उघडे ठेवून बघा, पंचांसारखे नगं. आता ह्ये बघा.

(चांगुणा दारात मुसळ आडवं टाकते. म्हातारा मुसळ ओलांडून अंगणात येतो.)

सहादेव: योगायोग आहे.

चांगुणा: फिरून करू?

सहादेव: कर.

चांगुणा: मामंजी, आत जा. मुसळ काढलं. आता या... अडकले. आता टाकलं. या... आले.

सहादेव: बास झालं.

कारभारी: आजून एकदा.

सहादेव: आबा, तुम्हाला मजा वाटतेय का?

कारभारी: व्हय.

चांगुणा: आता सांगा. मुसळ बी करणीचं हाय का? ते तर तुमच्याच मावशीनं दिलेलं.

सहादेव: म्हणजे तुझं म्हणणं असं, की मी उंबरा काढला म्हणून माझ्या बापाचे पाय अडकले.

चांगुणा: रोगानं अडकले. तुमी वाट काढून घेतली. करणी केली ती फटफटीनं. तिला धाडा खर्ड्याला, खिडकीपाशी बसवून.

सहादेव: हे गावात कसं सांगू मी? पंचांची सही झालीय कागदावर. देवरुशाला धोतर-नारळ दिला. गाव म्हणेल, मेंबरनं फटफटी घरात घ्यायला बापाचे पाय बांधले. पुढच्या वर्षी निवडणूक आहे!

चांगुणा: मग म्हातारीनं त्यासाठी खर्ड्याला मरायचं?

सहादेव: कुणी मरत नाही. सहा महिन्यांनी वातावरण निवळलं की आणू परत. मी तिकीट काढून तिला नीट बसवून येतो. साडेदहा झाले.

चांगुणा: आन मुसळाचं?

सहादेव: मुसळ ठेव तिथंच. पण लोकांना दिसेल असं ठेवू नकोस.

०

चांगुणा: गेले. किक मारली की ह्यांना वाटतं प्रश्न सुटला.

कारभारी: पोरी.

चांगुणा: काय, मामंजी?

कारभारी: फाट्यावर जायचं.

चांगुणा: कसं? दीडशे पावलं हायती, सगळी डांबराची, सपाट. मुसळ एकच हाय.

कारभारी: कडबा.

चांगुणा: काय?

कारभारी: कडबा घे. पेंढी सोड. जोंधळ्याची ताटं आडवी टाक. पावलागणिक.

चांगुणा: अवं, दुष्काळ हाय! गुरांच्या तोंडचा कडबा रस्त्यात टाकला तर गाव दगडं मारंल.

कारभारी: माघारी येताना... उचल.

०

मच्छिंद्र: अवो चांगुणावयनी! ह्ये काय मांडलंय? लग्नाच्या पायघड्या म्हणाव्यात तर कडब्याच्या?

चांगुणा: तुमी तुमच्या हाटेलातली भजी बघा, मच्छिंद्रभावजी. करपली.

मच्छिंद्र: भजी रोजचीच हायती. आरं या रं, बघा! कारभारीआबांची वरात निघाली. एक ताट, एक पाय. एक ताट, एक पाय. आबा, नवरी कुठंशी हाय?

कारभारी: तुझी आई... काय म्हणती?

मच्छिंद्र: आं? काय म्हणाले?

चांगुणा: तुमच्या आईची खुशाली इचारली. ऐकायचं तर जवळ या, लांबनं दात काढू नगा.

मच्छिंद्र: न्हाई, पण वयनी, चालतायत की झोकात! काल तर पाराजवळ अर्धा घंटा उभे हुते. मी म्हणलं, पुतळा बसवला का काय ग्रामपंचायतीनं. ठराव बिराव झाला असंल.

चांगुणा: मागची ताटं उचलून पुढं देता का? हात रिकामेच हायती तुमचे.

मच्छिंद्र: देतो की. एवढा तमाशा फुकट बघतोय, तिकीट म्हणून देतो. पर वयनी... ती शेळी.

चांगुणा: कुठली शेळी?

मच्छिंद्र: म्होरली ताटं खाती ती.

चांगुणा: अगं ये! हाल! हाल, मेले! कुणाची हाय ही?

मच्छिंद्र: तुमचीच हाय. दावं सुटलेलं दिसतंय.

चांगुणा: आगं बया! मामंजी, थांबा... थांबलेच. आता वो? पेंढी सारी खाल्ली बघा भवानीनं. मच्छिंद्रभावजी, काय आडवं टाकायला द्या की, लाकूड, फळी, कायबी!

मच्छिंद्र: फळ्या सगळ्या बाकड्याला ठोकल्याती. आन यष्टी आली बघा तिकडनं. धूळ दिसती.

सहादेव: चांगुणे! हा काय प्रकार आहे? आबांना भर रस्त्यात आणून उभं केलंस? समोरून गाडी येतेय!

चांगुणा: तुमच्या शेळीला इचारा, तुमच्याच घरची हाय, तुमच्याच बाजूनं मत दिलं तिनं. मामंजी, बघा. खाली बघा. ह्यो माझा पाय. ह्यो आडवा घातला. ओलांडा.

मच्छिंद्र: आरारारा! सून सासऱ्याला पाय आडवा घालती! भर फाट्यावर!

सहादेव: पाय काढ! चांगुणे, पाय काढ आधी. लोक बघतायत!

चांगुणा: बघू द्या. पदर हाय माझ्या डोक्यावर. ओलांडा, मामंजी. हां. आता ह्यो दुसरा. ओलांडा.

कारभारी: सुनंचा पाय...

चांगुणा: पाप लागलं तर मला लागंल. नगरच्या डाक्टरांकडनं त्याची बी गोळी आणू. ओलांडा.

सहादेव: माझी इज्जत गेली.

मच्छिंद्र: मेंबर, इज्जत जाऊ द्या, म्हातारा बघा की म्हातारा! नऊ... धा... अकरा... आरं, यष्टीला हात करा रं कुणीतरी! मोजा, मोजा! सोळा... सतरा...

सहादेव: आबा, आत्या बसलीय आत, तुम्ही यष्टीच्या दारात जाऊ नका. पायऱ्या उंच आहेत. पडाल! धरा, धरा त्यांना कुणीतरी!

चांगुणा: नगा धरू! पायऱ्याच हायती. पायऱ्यांचं त्यांना काय? चढले बघा. तुमी चढला नसता असे चढले.

०

बनुबाई: दादा? तू हितं कसा?

कारभारी: चालत.

बनुबाई: खोटं बोलू नगस. अंगणात यायला तुला दीस जातो.

कारभारी: उतर.

बनुबाई: न्हाई उतरत. माझं केस, दादा. काठीच्या टोकावर धरून गावभर फिरवलं त्या पुंजारामानं. पोरं मागनं पळत हुती. चाळीस वर्सं ह्या गावात पदर ढळू दिला न्हाई मी, आन माझं केस दावलं साऱ्यांना. न्हाई उतरत.

कारभारी: मग सरक.

बनुबाई: आं?

कारभारी: सरक तिकडं. मी बी येतो. खर्ड्याला.

सहादेव: आबा! खाली या. कंडक्टर बेल देतोय. काय पोरखेळ लावलाय? तुमचं तिकीट नाही!

कारभारी: काढ.

मच्छिंद्र: काढा मेंबर, काढा. बापाला आन आत्याला एकदमच धाडा. घर मोकळं. एका खोलीत कोंबड्या, दुसरीत फटफटी. अंडी बी तीच आणून देईल.

सहादेव: तू गप रे! आबा, अहो, खर्ड्यात तुम्हाला कोण बघणार? गोळी कोण देणार?

कारभारी: अं?

सहादेव: गोळी, गोळी! म्हणजे... औषध.

चांगुणा: ऐकलं का रं सगळ्यांनी? गोळी म्हणाले. अंगारा न्हाई म्हणाले.

सहादेव: चांगुणे, तू आणखी तेल ओतू नकोस. बरं आबा, काय पाहिजे तुम्हाला? उंबरा पाहिजे? बसवतो उंबरा. उद्याच सुतार बोलावतो. फटफटी बाहेर लावीन, ताडपत्री टाकून. उतरा आता.

कारभारी: सांग.

सहादेव: काय सांगू?

कारभारी: गावाला. बनूचं.

सहादेव: इथं? यष्टीच्या खिडकीखाली उभं राहून? बरं. ऐका हो... सदर बाबतीत, काही प्रमाणात गैरसमज झाला असण्याची शक्यता असून, त्याचा योग्य तो विचार करून, यथावकाश...

मच्छिंद्र: मराठीत सांगा, मेंबर.

कारभारी: बनू, सरक. लांबचा पल्ला हाय.

सहादेव: आत्यानं काही केलं नाही! बास? ते गुंतवळ दारातलंच होतं. उंबरा मी काढला. मी काढला म्हणून आबा अडकायला लागले. आत्याचा काही दोष नाही. झालं समाधान?

बनुबाई: आन कोंबड्या?

सहादेव: आत्या, कोंबड्यांचं आपण बसून...

बनुबाई: दादा, ह्ये बोचकं वर ठिव.

सहादेव: नाही आणत कोंबड्या! आईशप्पत, एक पीस सुद्धा आणत नाही. उतरा दोघं. गाडी निघू द्या, आतली माणसं शिव्या घालतायत मला.

मच्छिंद्र: आतली माणसं हसतायती, मेंबर. शिव्या ड्रायव्हर घालतोय.

०

सहादेव: आता? परत थांबले. चांगुणे, पुढं हो.

चांगुणा: माझा पाय दुखायला लागला. यष्टीपतुरची शेवटची सारी पावलं मी दिली.

सहादेव: मग?

चांगुणा: तुमाला दोन पाय हायती न्हवं?

सहादेव: मी? इथं? फाट्यावर?

चांगुणा: इजार जरा वर घ्या. धूळ लागंल.

सहादेव: आबा... हं. घातलाय आडवा. ओलांडा.

कारभारी: बूट.

सहादेव: काय?

चांगुणा: बूट काढा म्हणतात. बुटाला ओलांडून चालायचं का बापानं?

मच्छिंद्र: मेंबर, लवकर पाय घाला, भज्याचं सगळं गिऱ्हाईक बघायला आलंय. आबा, च्या पिऊन जा. आज मी पाजतो.

कारभारी: माघारी येताना.

मच्छिंद्र: आता माघारीच चाललाय न्हवं तुमी?

कारभारी: उद्या... येतो की. चालत.

चांगुणा: ऐकलं का? उद्या येणार म्हणतात. रोज चालवा म्हणालेच हुते डाक्टर. रोज दोघांतल्या एकानं पाय द्यायचा. उंबरा दारात बसंल, पण रस्त्यात कुणी बसवणार न्हाई. बांबूचे तुकडे करून ठेवते मी, एक पिशवीभर.

सहादेव: आणि पुंजारामला काय सांगू?

चांगुणा: सांगा, करणी करणारी घरात परत आली. आता अंगाऱ्याचा गुण येत न्हाई, त्यामुळं तुमी येऊ नगा.

सहादेव: हळू चला, आबा. घाई नाही. हा दुसरा पाय. हां. पुढं... आत्या कुठं राहिली?

चांगुणा: मागं हायती. तुमी चला पुढं, मी आणते. आत्याबाई, अशा मधीच का उभ्या ऱ्हायलात? बोचकं द्या हिकडं.

बनुबाई: बघतीया.

चांगुणा: काय?

बनुबाई: दादा पाय कसा उचलतुया ते. आडवं काय असलं की उचलतो म्हणतीस?

चांगुणा: व्हय. नांगरटीत बी, पायरीवर बी. सपाटीला अडकतो. त्या रोगाची तऱ्हाच तशी हाय. कुणी मुद्दाम करत न्हाई, कुणी काय घातलेलं नसतं. रडू नगा आता. आलात न्हवं घरी?

बनुबाई: आमची आई बी अशीच दारात उभी ऱ्हायची. बाहेरचं लागलं म्हणून तिला सा महिनं खांबाला बांधून ठिवली हुती. गाठ मी मारायची.